पोटमाळ्यात राहणे व ठेवणे यांबाबत

काटेवाल्यांच्या घरात माणसं तीन आणि खोल्या दोन. यात जगावेगळं काही नाही. काटेवाले आणि त्यांची बायको आतल्या खोलीत झोपत आणि बाबा बाहेरच्या खोलीत, ज्या खाटेवर पाहुणे बसत त्याच खाटेवर. पाहुणे आले की बाबांचं अंथरूण गुंडाळून पडद्यामागे जाई आणि बाबा स्वयंपाकघरात स्टुलावर जाऊन बसत. काही पाहुणे इतके प्रेमळ असत की उठायचं नावच घेत नसत. मग बाबा ओट्याच्या कडेला डोकं टेकून डुलक्या घेत, आणि शेवटचा पाहुणा जोडे शोधायला लागला की अंथरूण काखेत मारून दाराआड उभे राहत.

बाबा उमेदीच्या काळात एका उंच इमारतीत लिफ्टमन होते. सगळा जन्म एका पेटीत उभ्यानं काढल्यामुळे जागेबद्दल त्यांच्या अपेक्षा माफक होत्या. आपल्याला एक दार असावं आणि त्या दाराला आतून कडी असावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. "लिफ्टला दार होतं रे, पण कोणीही यायचं आणि उघडायचं," ते मुलाला सांगत. "एकदा आतून कडी लावून बघायचंय मला. मग मेलो तरी चालेल. म्हणजे कडी काढून मेलो, तुम्हाला दार तोडायला नको."

घराला पोटमाळा होता. उतरत्या छपराखालचा, घराच्या लांबीएवढा, आणि ज्या वस्तू टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत अशा वस्तूंनी गच्च भरलेला. मोडक्या पात्याचा पंखा, झाकण न बसणारी पेटी, काटेवाल्यांचा स्वतःचा पाळणा. हा सगळा पसारा काढून तिथे बाबांसाठी खोली करायची असं काटेवाल्यांनी ठरवलं. बापावर त्यांचं मनापासून प्रेम होतं, याची इथेच नोंद करून ठेवलेली बरी. पुढे जे घडलं ते प्रेम कमी पडलं म्हणून घडलं, असा कोणाचा समज व्हायला नको.

"सुताराला बोलवा," बायको म्हणाली. "फळ्या ठोकेल, एक खिडकी पाडेल. आठवड्यात बाबा वर."

"आणि परवानगी?"

"आपल्याच घरात आपल्याच बाबांना ठेवायला परवानगी कसली?"

काटेवाल्यांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. त्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. दुकानात वजन आलं की ते आधी त्याच्यावरचा सरकारी शिक्का बघत आणि मग गिऱ्हाइकाचं तोंड. बिनशिक्क्याच्या वजनावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. वजन खोटं असून बिनशिक्क्याचं असलं तर ते एकवेळ समजून घेत, पण खरं असून शिक्का नसला तर मात्र त्यांच्या डोक्यात तिडीक जाई. असा माणूस जन्मदात्या बापाला बिनशिक्क्याच्या खोलीत कसा झोपवणार? दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ते नगर कार्यालयात गेले.

पोटमाळा कक्ष तळघरात होता. वरच्या मजल्यांना अजून वापर-परवाना मिळालेला नाही, असं शिपायानं सांगितलं. कक्षात एक निरीक्षक बसले होते. इतके सभ्य, की त्यांच्यावर चिडायची सोयच नव्हती. त्यांनी उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं, बाबांच्या तब्येतीची चौकशी केली आणि मग नियम सांगितला.

"राहती खोली कशाला म्हणायचं, याबद्दल आमच्याकडे अजिबात घोळ नाही. जिथे माणूस ताठ उभा राहू शकतो, ती राहती खोली."

"मग प्रश्नच मिटला," काटेवाले म्हणाले. "बाबा उभे राहतात वर. मी पाहिलंय."

"बाबा म्हणजे माणूस नव्हेत. नियमाच्या दृष्टीनं म्हणतोय हं, राग मानू नका. ज्याच्या त्याच्या बापाच्या उंचीनं मोजत बसलो तर शहरात एक छप्पर दुसऱ्यासारखं राहायचं नाही. त्यासाठी आम्ही प्रमाणपुरुष ठेवलेत."

"कोण?"

निरीक्षकांनी समजावून सांगितलं. पूर्वी कार्यालय मोजपट्टी वापरायचं. पण बांधकामवाले ती ताणायचे, शेजारी आखडायचे, आणि ती कुठल्या टोकाकडून धरायची यावर दोन अभियंत्यांचं कायमचं बोलणं बंद झालेलं. शेवटी वरिष्ठांनी मोजपट्टीच रद्द केली आणि तिच्या जागी ठरावीक उंचीचा एक माणूस कायम नेमणुकीवर घेतला. तो माणूस जिथे न वाकता उभा राहील, ती खोली राहती.

"आणि म्हातारा होऊन वाकला तर?"

"वाकायला परवानगी नाही त्यांना," निरीक्षक म्हणाले.

काटेवाल्यांनी माळ्यावरचा पसारा खाली उतरवला आणि ठरल्या दिवशी प्रमाणपुरुष आले. लांबलचक, गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ, पाठीत फळी घातल्यासारखे. त्यांना बसा म्हणायची चोरी, कारण कामावर असताना ते बसत नसत. वाकणं तर गैरवर्तनात जमा होई. त्यामुळे बोळकांडीतल्या अरुंद शिडीनं माळ्यावर चढायचं कसं, असा पेच पडला. पण कार्यालयानं त्याचीही तजवीज केलेली होती. प्रमाणपुरुषांनी शिडीच्या पायथ्याशी थोड्या वेळाची रजा टाकली, निरीक्षकांनी ती तिथल्या तिथे मंजूर केली, मग ते इतर कोणत्याही माणसासारखे कुथत, वाकत, गुडघ्याला शिव्या देत वर चढले आणि वर पोचल्यावर पुन्हा कामावर हजर झाले.

माळ्याच्या मधोमध, छपराच्या आढ्याखाली ते ताठ उभे राहिले. टाळू आढ्याला टेकते न टेकते अशी राहिली. निरीक्षकांनी आनंदानं मान हलवली. मग प्रमाणपुरुष एक पाऊल डावीकडे सरकले आणि त्यांचं डोकं छपरावर आपटलं. एक पाऊल उजवीकडे सरकले, तिकडेही आपटलं. डोकं जिथे जिथे आपटलं तिथे तिथे निरीक्षक खाली खडूनं रेघ ओढत गेले. शेवटी माळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रमाणपुरुषांच्या खांद्यांएवढा रुंद असा एक पट्टा तयार झाला.

"अभिनंदन," निरीक्षक म्हणाले. "एवढी तुमची राहती खोली. दोन्ही बाजूंना उरलंय ते अनिवासी क्षेत्र. त्यात बाबांनी राहायचं नाही."

बाबाही शिडी चढून वर आले होते. त्यांनी पट्टा बघितला, त्यात जाऊन उभे राहिले, मग अंग चोरून आडवे झाले.

"मावतो की मी," ते म्हणाले.

"आत्ता मावताय. पण झोपेत कूस बदलली तर गुडघे अनिवासी क्षेत्रात जातील."

"आणि हात पसरला तर?"

"हात क्षणभर चालेल. रात्रभर नाही," निरीक्षक म्हणाले. मनानं ते उदार होते.

बाबांनी कूस न बदलण्याचं लेखी देऊ केलं. आयुष्यभर याच्या निम्म्या जागेत उभा होतो, म्हणाले, वेळ पडली तर उभ्यानंही झोपेन, सवय आहे. हे ऐकून प्रमाणपुरुषांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. उभ्यानं काम करणाऱ्या माणसांचं आपसात एक नातं असतं. पण ते कामावर असल्यामुळे बोलले काही नाहीत.

मग जिन्याचा विषय निघाला. बोळकांडीतली शिडी राहत्या खोलीला चालणार नव्हती. जिना असा हवा की प्रमाणपुरुष न वाकता, रजा न टाकता वर गेले पाहिजेत. निरीक्षकांनी कागदावर चढ आखला. असा जिना बसवायचा तर तो बाहेरच्या खोलीतून सुरू होऊन आतल्या खोलीभर पसरून वर जाणार होता. म्हणजे आतली खोली हाच जिना.

"अहो, मग आम्ही दोघांनी झोपायचं कुठे?" काटेवाल्यांच्या बायकोनं विचारलं.

निरीक्षकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "पोटमाळ्यावर," ते म्हणाले. "पण त्याला वेगळा अर्ज लागेल."

खिडकीचं त्याहून नाजूक होतं. आगीच्या नियमाप्रमाणे खिडकी इतकी खाली हवी होती की आग लागली तर बाबा तिच्यातून बाहेर पडू शकले पाहिजेत. शेजाऱ्यांच्या खाजगीपणाच्या नियमाप्रमाणे ती इतकी वर हवी होती की बाबांना तिच्यातून बाहेर बघता येता कामा नये. थोडक्यात, बाबांनी त्या खिडकीतून जायचं होतं पण बघायचं नव्हतं.

"डोळे मिटून उडी मारीन," बाबा म्हणाले.

"आग लागल्यावर कोणाचेही डोळे मिटलेलेच असतात, धुरामुळे. त्याला आमची हरकत नाही. प्रश्न आग नसेल तेव्हाचा आहे."

काटेवाले हार मानणाऱ्यांतले नव्हते. छप्पर उचलू म्हणाले, तर गल्लीतल्या सगळ्या छपरांची रेघ एक असली पाहिजे असं निघालं. माळ्याची जमीन खाली घेऊ म्हणाले, तर मग खालच्या खोल्यांत प्रमाणपुरुषांचं डोकं लागलं असतं आणि आख्खं घर पोटमाळा ठरलं असतं. पोटमाळ्याला खाली घर असावं लागतं, त्यामुळे तेही नियमात बसेना. दर खेपेला निरीक्षक तितक्याच आपुलकीनं नकार देत आणि दर खेपेला काटेवाले तळघराच्या पायऱ्या चढून घरी येत. इकडे पाहुणे येतच होते आणि बाबा स्टुलावर बसून पेंगतच होते. एकदा पेंगता पेंगता ते स्टुलावरून घसरले आणि त्यांचं कोपर सुजलं. बायकोनं शेकायला पाणी तापवलं आणि बाहेर पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती नवऱ्यावर ओरडली, "तुमच्या त्या शिक्क्यापायी माणूस मरेल एखादा!"

काटेवाल्यांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी ते निरीक्षकांसमोर चक्क रडले. निरीक्षकांनी आपला रुमाल काढून दिला, दार लोटून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"काटेवाले, तुम्ही सरळ माणूस आहात, म्हणून सांगतो. माणसाच्या बाबतीत आमचे नियम फार जाचक आहेत. आमचंच आम्हाला कळतं. पण वस्तूंच्या बाबतीत ते अत्यंत उदार आहेत. साठवणीच्या माळ्याला उंचीची अट नाही. जिना नको, शिडी चालते. खिडकी तर नकोच. आजवर एकही साठवणीचा माळा आम्ही नामंजूर केलेला नाही."

"पण मला बाबांना ठेवायचंय तिथे."

"हेच म्हणतोय मी," निरीक्षक मृदूपणे म्हणाले. "तुम्ही स्वतः ठेवायचंय म्हणालात. राहायचंय नाही म्हणालात. खोली बदलता येत नसेल तर आत काय आहे ते बदलावं."

काटेवाले घरी आले. जेवताना त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. पण बाबा खो खो हसले.

"अरे, माणूस म्हणून या घरात माझ्या वाटणीला एक स्टूल आलं. वस्तू म्हणून आख्खा माळा मिळतोय. करून टाक! उद्याच करून टाक!"

असा उत्साह त्यांच्यात मुलाच्या लग्नानंतर कोणी पाहिला नव्हता. तेव्हा मग करून टाकायचं ठरलं.

निरीक्षक घरी येऊन अर्ज भरून घेऊ लागले. वस्तूचं नाव, बाबा. अवस्था, जुनी पण वापरण्याजोगी. उपयोग, अधूनमधून. वजनाचा रकाना आला तेव्हा काटेवाल्यांनी दुकानातून मोठा शिक्क्याचा काटा आणला आणि बापाला जोड्यांशिवाय उभं करून अचूक वजन घेतलं. या एका रकान्याचं समाधान त्यांना खरोखर झालं.

"ज्वलनशील आहे का?" निरीक्षकांनी विचारलं.

"पूर्वी होते," बायको म्हणाली. "आता शांत असतात."

"आवाज करते का?"

"खोकतात."

निरीक्षकांनी लेखणी थांबवली. "साठवलेल्या वस्तूनं आवाज केला तर ती यंत्र ठरते. यंत्राला वेगळा परवाना."

बाबांनी खोकणार नाही म्हणून मान डोलावली. मग निरीक्षकांनी बाकीच्या अटी वाचून दाखवल्या. वस्तूनं आपणहून जागा बदलायची नाही. वस्तूवर धूळ बसू नये म्हणून आच्छादन असावं. साठवणीत अन्न नेऊ नये, उंदीर लागतात, पण वापरासाठी वस्तू खाली काढायला हरकत नाही. शिडी एरवी काढून ठेवावी. आणि दाराला कडी असावी, बाहेरून.

"बाहेरून?" बाबा म्हणाले.

"वस्तू आतून कडी कशी लावेल?"

बाबांनी वर माळ्याकडे पाहिलं. नको हे सगळं, असं म्हणायला काटेवाल्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण तेवढ्यात निरीक्षकांनी शिक्का शाईत बुडवला होता. आयुष्यात इतका स्वच्छ, इतका गोल, चारी बाजूंनी सारखा उमटलेला शिक्का काटेवाल्यांनी पाहिला नव्हता. ते तोंड मिटून बघत राहिले.

"असू दे रे," बाबा म्हणाले. "दार तर आहे."

पहिले काही आठवडे मोठे मजेत गेले. सकाळी काटेवाले शिडी लावत, कडी काढत आणि बाबांना वापरासाठी खाली काढत. बाबा उतरताना आपल्या जुन्या सवयीनं "तळमजला, सांभाळून" असं म्हणत आणि स्वतःच हसत. चहा होई, जेवण होई, बाबा घडीभर पाय मोकळे करत आणि मग परत वर. बाहेरच्या खोलीतून खाट गेली. तिथे नवीन सोफा आला. पाहुण्यांना तो इतका आवडला की ते पूर्वीपेक्षा उशिरा उठू लागले.

शिडी लावणं आणि काढणं हा मात्र व्याप होता. ती जड होती, आणि सकाळी काटेवाल्यांची दुकानाची घाई. मग सकाळचा चहा आणि जेवण एकत्र करायचं ठरलं, म्हणजे एकदाच खाली काढायला बरं. बाबाच म्हणाले तसं. पुढे काटेवाल्यांच्या पाठीत चमक भरली, तेव्हा दोन दिवस टोपलीला दोरी बांधून डबा वर पाठवला. ती पद्धत सोपी होती. नियमात बसत नव्हती खरी, पण उंदीर लागले नाहीत, म्हणून तीच राहिली. बाबांचा खोकला सुरुवातीला ऐकू यायचा. मग बायकोच्या लक्षात आलं की स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की तेवढ्यात बाबा खोकून घेतात. तिला ते कौतुकाचं वाटलं. आल्यागेल्यांना ती सांगे, "इतकी समजूतदार माणसं आता मिळत नाहीत हो."

"हो, पण बाबा दिसत नाहीत हल्ली?" पाहुणे विचारत.

"वर ठेवलेत."

"छान केलंत," पाहुणे म्हणत आणि सोफ्यावर मागे टेकत. कसं ठेवलंत, कुठे ठेवलंत, असं पुढे कोणी विचारलं नाही. काटेवाल्यांना आधी वाटलं होतं की लोक तोंडात बोटं घालतील. कोणी घातली नाहीत. उलट दोघांतिघांनी सोफा कुठून घेतला ते विचारून घेतलं.

एकदा पेटी ठेवायला जागा नाही म्हणून ती परत माळ्यावर गेली. मग पंखा गेला. मग पाळणा. बाबांनी आतून सरकून जागा करून दिली.

परवान्याची मुदत संपत आली तेव्हा निरीक्षक तपासणीला आले. काटेवाल्यांनी शिडी लावली. ती कोपऱ्यातून काढताना तिच्यावरची धूळ त्यांच्या हाताला लागली, ती त्यांनी पँटला पुसली. निरीक्षक वर चढले, पाठोपाठ काटेवाले. कडी जरा गंजली होती, ठोकून काढावी लागली.

आत बाबा भिंतीला टेकून बसलेले होते. अंगावर आच्छादन, गळ्यापर्यंत. डोळे मिटलेले. निरीक्षकांनी टॉर्च फिरवला. मग लेखणीच्या मागच्या टोकानं खांद्याला हळूच टोचून पाहिलं. बाबा हलले नाहीत. निरीक्षकांनी पुन्हा टोचलं. बाबांचा श्वाससुद्धा दिसेना. काटेवाले पुढे वाकले. मग त्यांना बाबांच्या मानेची शीर उडताना दिसली, आणि त्यांना कळलं की बाबा श्वास कोंडून बसलेत. मुलाचा परवाना जाऊ नये म्हणून. बाप असावा तर असा, असं त्यांना अगदी आतून वाटलं. हे बाबांना सांगावं असंही वाटलं, पण वस्तूशी बोलताना निरीक्षकांनी पाहिलं असतं.

"उत्तम," खाली उतरल्यावर निरीक्षक म्हणाले. "इतकी नीट ठेवलेली वस्तू मी पाहिली नाही. वजन कमी झालेलं दिसतंय, पण ते साठवणीत होतंच. आता एकच विचारायचं राहिलं. वर्षभरात वापर फारसा झालेला दिसत नाही. तर वस्तू ठेवायची आहे का? नको असेल तर तसं सांगा. मी परवाना रद्द करतो, तुम्ही त्यांना खाली आणा. पुढचं काय ते तुमचं तुम्ही बघा."

काटेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं सोफ्याकडे पाहिलं. सोफा जिथे होता तिथे आता खाट मावली नसती. एक शब्द बोलायचा होता, आणि बाबा वरून ऐकत होते.

"नाही, असू द्या," काटेवाले म्हणाले. "लागतील कधीतरी."

निरीक्षकांनी शिक्का मारला. पहिल्याइतकाच गोल. आणि तेवढ्यात वरून, पेटीच्या आणि पाळण्याच्या मागून, बारीक आवाज आला.

"गेले का रे ते? मी हललो नाही बरं का."

काटेवाले जागच्या जागी थिजले. आवाज म्हणजे यंत्र, आणि यंत्राला वेगळा परवाना. पण निरीक्षकांनी शांतपणे शाईच्या डबीचं झाकण लावलं.

"मला काही ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "बहुतेक घरांत येतं ते."

"बहुतेक घरांत?"

"अहो, या गल्लीत सगळ्यांनीच वर ठेवलेत. पुढच्याही गल्लीत. परवानगी मात्र तुमच्या एकट्याकडे आहे. बाकी सगळा कारभार बिनशिक्क्याचा."

हे ऐकून काटेवाल्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी निरीक्षकांना गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला जायचं ठरवलं. शिडी परत कोपऱ्यात ठेवून दोघं बाहेर पडले.

निरीक्षक अजून फिरतायत. तुमच्याकडे आले तर गडबडून जाऊ नका. स्वभावानं चांगले आहेत, पाणी दिलंत तर पितात. आमच्या घराला माळाच नाही, ही सबब मात्र सांगू नका. नवीन परिपत्रकाप्रमाणे आतली खोली धरतात, गॅलरीचा कोपरा धरतात, दुसऱ्या गावातलं जुनं घर धरतात, आणि फोनमध्ये नुसता नंबर ठेवलेला असेल तरी तो साठवणीतच मोजतात. विचारतात एकच, शेवटचं खाली कधी काढलं होतं. तेवढी तारीख आत्ताच आठवून ठेवा.